लाइन आल्यानंतर

आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, कोपऱ्यातल्या संगणकाच्या पडद्यावर एक चिठ्ठी डकवलेली होती : ‘ही काळी खिडकी कोणीही बंद करू नये.’ खाली दोन ठळक रेघा. काळी खिडकी म्हणजे टर्मिनल. तिच्यात डीस्पेस नावाचा जावातला सर्व्हर हातानं चालू करून ठेवलेला होता आणि त्यावर प्रबंध, जुने वार्षिकांक, गावांच्या सर्वेक्षणांचे अहवाल असा ग्रंथालयाचा ऐवज होता. चिठ्ठी माझ्याच हातची. मी आज्ञा दिली, अक्षरं भराभर वर सरकली, पान उघडलं, सगळ्यांनी वा वा म्हटलं, चहा झाला आणि मी एसटी पकडली.

मृगाच्या पहिल्या वादळात, शुक्रवारी संध्याकाळी लाइन गेली. विजेला आमच्याकडे लाइनच म्हणतात. यूपीएसनं जमेल तेवढा वेळ तग धरला आणि मान टाकली. शनिवारी पहाटे लाइन आली. वीज परतली की आपोआप सुरू व्हायचं, अशी सोय संगणकाच्या बायॉसमध्ये मी करून ठेवली होती. तो सुरू झाला, पंखे फिरले, लॉगिनचा पडदा आला. काळी खिडकी तेवढी आली नाही. चिठ्ठी जागच्या जागी होती, पण जी बंद करायची नाही अशी खिडकीच उरली नव्हती. सोमवारी दुपारी फोन आला : ‘सर, साइट बंद दाखवते.’

ही पुस्तिका त्या फोनमधून निघाली. जावात लिहिलेला सर्व्हर ऑपरेटिंग सिस्टिमची सेवा म्हणून पाठीमागे कसा चालवायचा, एवढाच तिचा विषय. सर्व्हर कसा लिहायचा हे शिकवणारी पुस्तकं पुष्कळ आहेत. लिहून झालेला सर्व्हर, लिहिणारा घरी गेल्यावर कसा चालत राहील, हा प्रश्न त्यांत शेवटच्या प्रकरणात दोन पानांत उरकलेला असतो. त्या दोन पानांचं मी पुस्तक केलं आहे.

ते वाशीममध्ये बसून का करावंसं वाटलं, हेही सांगायला हवं. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला, सहा तालुक्यांचा हा जिल्हा. नीती आयोगानं २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली आणि उस्मानाबादबरोबर वाशीमचं नाव त्यात आलं. आमच्याकडे संगणक शिकलेली मुलं नाहीत असं कोणी समजू नये. आहेत, ती पुण्यात आहेत. त्यामुळे इथे सर्व्हर बसवून देणारा माणूस बहुधा बसवून निघून जातो. मानोऱ्यातला संगणक अडला, तर त्यातलं कळणारा त्या वेळी हिंजवडीत मीटिंगमध्ये असतो. मोठ्या शहरातल्या कंपनीत रात्रपाळीला माणूस ठेवता येतो. आमच्याकडे रात्रपाळीही संगणकानंच करायची असते.

आणि जावातले सर्व्हर आपल्याला वाटतात तितके लांबचे नाहीत. डीस्पेस एमआयटी आणि ह्युलेट-पॅकार्ड यांनी मिळून २००२ मध्ये खुलं केलं. देशभरातल्या पीएच.डी.च्या प्रबंधांचं भांडार असलेलं इन्फ्लिबनेटचं ‘शोधगंगा’ याच डीस्पेसवर उभं आहे. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न असलेल्या आमच्या महाविद्यालयांतले संशोधक संदर्भासाठी तिथेच जातात. ओस्लो विद्यापीठाच्या पुढाकारानं तयार झालेली, आरोग्याची आकडेवारी सांभाळणारी डीएचआयएस-२ ही प्रणालीही जावातलीच. भारतात तिचं पाऊल पडलं ते २००६ मध्ये, केरळात. शोध घेणारं सोलर, रुग्णांच्या नोंदी ठेवणारं ओपनएमआरएस, हीही त्याच घराण्यातली मंडळी. हे सगळं फुकट मिळतं, उतरवून घेता येतं आणि तासाभरात चालूही होतं. चालू राहणं हे निराळं काम आहे.

ते काम समजायला आमच्या शेतकऱ्याला संगणकाचा वर्ग लावावा लागत नाही. रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायचं, तर रात्रीच्या पाळीला लाइन नेमकी केव्हा येईल याचा भरवसा नसतो. म्हणून विहिरीवरच्या मोटरला ‘ऑटो’ बसवतात. लाइन आली की मोटर आपोआप सुरू, मालक घरी झोपलेला असला तरी. आता शिवारातल्या सगळ्या मोटरींना ऑटो असले आणि लाइन येताच त्या एकाच क्षणी उठल्या, तर रोहित्रावर एकदम भार येतो आणि डीपी जळते. म्हणूनच ऑटोस्विच काढा आणि कपॅसिटर बसवा, असं महावितरण वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. शहाणा शेतकरी ऑटोला थोडा उशीर लावणारा टायमर जोडतो. एखादा फेज गेला तर मोटर बंद करणारा प्रिव्हेंटर लावतो. विहिरीत पाणी नसेल तर मोटर कोरडी चालून जळू नये, याचीही तजवीज करतो.

सेवा म्हणजे हाच सगळा सरंजाम. हातानं चालवलेला सर्व्हर म्हणजे बटण दाबायला माणूस लागणारी मोटर. नुसता आपोआप सुरू होणारा सर्व्हर म्हणजे साधा ऑटो. किती थांबून उठायचं, कोण तयार असल्याशिवाय उठायचं नाही, पडलो तर किती वेळा पुन्हा उभं राहायचं, हे ठरवून दिलेला सर्व्हर म्हणजे सेवा. मालक जागेवर नसेल असं धरूनच ही सगळी मांडणी केलेली असते.

जावाच्या बाबतीत ही मांडणी अधिक किचकट का झाली, याला इतिहास आहे. सन मायक्रोसिस्टिम्सनं १९९५ मध्ये जावा बाहेर आणली, ती एकदा लिहा आणि कुठेही चालवा या वचनावर. खालचा संगणक विंडोजचा की युनिक्सचा, याच्याशी जावाच्या प्रोग्रामला कर्तव्य नव्हतं. सेवा मात्र पूर्णपणे खालच्या ऑपरेटिंग सिस्टिमची गोष्ट. विंडोजचे नियम वेगळे, युनिक्सचे वेगळे. ज्या अलिप्ततेमुळे जावा सगळीकडे पोचली, तीच इथे आडवी आली. युनिक्सवरचा जुना सी भाषेतला प्रोग्राम स्वतःची प्रत काढून, टर्मिनलशी नातं तोडून पाठीमागे जाऊन बसे. आत अनेक धागे एकाच वेळी चालवणाऱ्या जावाच्या यंत्राला ते साधण्यासारखं नव्हतं. म्हणून मध्यस्थ आले. सननं १९९९ मध्ये अपाची संस्थेला दिलेल्या, जावाचे वेब-प्रोग्राम आपल्या पोटात चालवणाऱ्या टॉमकॅट या सर्व्हरसोबत जेएसव्हीसी नावाचा सी भाषेतला छोटा प्रोग्राम मिळतो. तो सर्वाधिकारी रूट म्हणून सुरू होतो, १०२४ च्या खालचं राखीव पोर्ट पकडतो आणि मग अधिकार सोडून साध्या वापरकर्त्याच्या नावानं जावाला कामाला लावतो. विंडोजवर हेच काम प्रोकरन करतं. टनुकी कंपनीचा जावा सर्व्हिस रॅपर, जेनकिन्सच्या कामातून निघालेलं विनएसडब्ल्यू, कुठल्याही प्रोग्रामला सेवा बनवणारं एनएसएसएम, हेही याच जातीचे मध्यस्थ.

अशा पाठीमागच्या प्रोग्रामला युनिक्सवाले डीमन म्हणतात. एमआयटीतल्या प्रोजेक्ट मॅकच्या मंडळींनी १९६३ च्या सुमारास हा शब्द घेतला तो भौतिकशास्त्रातल्या मॅक्सवेलच्या कल्पित डीमनवरून, जो कोणाला न दिसता रेणूंची निवड करत बसलेला असतो. भुताखेताशी त्याचा संबंध नाही. पुस्तिकेत मी ‘सेवा’ हा शब्द वापरला आहे. आमची मुलं ‘सर्व्हिसला टाक’ म्हणतात, तेही चालेल.

लिनक्सवर या वाटेचे तीन टप्पे आहेत आणि पुस्तिकेचे पहिले तीन भाग त्यांच्याच क्रमानं आहेत. पहिला नोहप. टर्मिनल बंद झालं की त्यातल्या प्रोग्रामला ‘हँग-अप’चा, म्हणजे फोन ठेवल्याचा इशारा जातो. टेलिफोनच्या तारेवरून मोठ्या संगणकाशी जोडून घेण्याच्या काळातला हा शब्द. नोहप त्या इशाऱ्याकडे कानाडोळा करायला लावतो. खिडकी बंद केली तरी सर्व्हर जगतो, पण लाइन गेली की मरतो आणि परत उठत नाही. माझी चिठ्ठी नोहपमुळे अनावश्यक ठरली असती. सोमवारचा फोन मात्र आलाच असता.

दुसरा टप्पा जुन्या इनिट स्क्रिप्टचा. संगणक सुरू होताना एकामागून एक चालणाऱ्या या स्क्रिप्ट लांबलचक असत आणि बहुतेक जण दुसऱ्याची उतरवून त्यात नाव बदलत. सेवा चालू आहे की नाही हे कळावं म्हणून त्या प्रोसेसचा क्रमांक एका फाइलीत लिहून ठेवत. लाइन अचानक गेली की प्रोसेस मरे, फाइल मात्र राही. मतदारयादीत मृताचं नाव राहावं तसं. पुढच्या वेळी कच्ची स्क्रिप्ट ती फाइल बघून म्हणे, सेवा तर चालूच आहे, आणि हात जोडून बसे.

तिसरा टप्पा सिस्टिमडीचा. २०१० मध्ये सुरू झालेली ही व्यवस्था रेड हॅटच्या सातव्या आवृत्तीत २०१४ ला आली, डेबियन आणि उबुंटूत २०१५ ला. आज नवा लिनक्स सर्व्हर घेतला तर बहुधा तीच भेटते. तिच्यात स्क्रिप्टऐवजी दहा-पंधरा ओळींची युनिट फाइल लिहायची. क्रमांकाच्या फाइलीवर विसंबायचं कारण नाही, कारण सेवेच्या पोटातल्या सगळ्या प्रोसेस सिस्टिमडी स्वतः नजरेखाली ठेवते.

त्या दहा-पंधरा ओळी म्हणजे खरं तर काही प्रश्नांची उत्तरं आहेत. पुस्तिकेचा गाभा तोच.

सेवा कोणाच्या नावानं चालायची? रूटच्या नावानं कधीच नाही. तिच्यासाठी लॉगिन न करता येणारा वेगळा वापरकर्ता काढायचा. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग फॉर जे या जावाच्या घराघरांत असलेल्या लायब्ररीतलं भगदाड उघडकीस आलं आणि जगभरचे सर्व्हरवाले रात्री जागले. सोलरही त्यात सापडलं होतं. भगदाड सगळ्यांना सारखंच होतं. पण ज्याची सेवा रूटच्या नावानं चालत होती, त्याच्याकडे शिरणाऱ्याच्या हाती एका खोलीऐवजी सगळ्या वाड्याच्या किल्ल्या लागत होत्या.

कोणाच्या नंतर उठायचं? डीस्पेसला पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस लागतो आणि सोलर लागतं. ते जागे नसताना हा उठला, तर कोरड्या विहिरीवरची मोटर. इथे एक बारीक खोच आहे. ‘आफ्टर’ ही ओळ फक्त क्रम सांगते; डेटाबेसला उठवायचंही असेल तर ‘वाँट्स’ किंवा ‘रिक्वायर्स’ लिहावं लागतं.

पडलो तर? काहीच लिहिलं नाही, तर सिस्टिमडी पडलेल्या सेवेला पडूनच ठेवते. पुन्हा उठवायला सांगितलं आणि वेळ सांगितला नाही, तर शंभर मिलिसेकंदांत उठवते, आणि दहा सेकंदांत पाच प्रयत्न झाले की हात टेकते. जावाचा मोठा सर्व्हर अनेकदा पडायलाच दहा-पंधरा सेकंद घेतो. मग पाचाची मर्यादा कधी लागतच नाही आणि तो रात्रभर उठत-पडत राहतो. म्हणून टायमरची ओळ आपणच विचार करून लिहायची. डीपी जळण्याचा धडा इथे कामाला येतो.

थांबायचं कसं? सिस्टिमडी आधी सौम्य इशारा देते, दीड मिनिट वाट बघते आणि मग सरळ मारते. त्या दीड मिनिटात जावानं हातातलं काम पुरं करून डेटाबेसची दारं लावून घ्यायची असतात. सौम्य इशाऱ्यानं नीट थांबलेली जावा जाताना १४३ हा आकडा सांगून जाते. १२८ आणि इशाऱ्याचा क्रमांक १५, यांची ती बेरीज. सिस्टिमडीला हे आधी सांगून ठेवलं नाही, तर शहाण्यासारखी थांबलेली सेवाही ती नापास म्हणून नोंदवते. १३७ दिसला, तर समजायचं की जबरदस्तीनं मारली गेली. पुष्कळदा मेमरी संपल्यामुळे. चार जीबीच्या संगणकात जावाला साडेतीन जीबी देणाऱ्यांना हा आकडा लवकरच तोंडपाठ होतो.

नोंद कुठे ठेवायची? पोलीस ठाण्यात जशी स्टेशन डायरी, तसा सेवेचा लॉग. तो वाढत जाऊन डिस्क भरली की सेवा स्वतःच्या डायरीखाली चेंगरून मरते. त्याची छाटणी कशी करायची, यावर एक पूर्ण प्रकरण दिलं आहे.

एक गोष्ट मात्र इंग्रजी पुस्तकांत ओळीदोन ओळींत येते आणि आपल्याला फार छळते. हातानं चालवला तेव्हा सर्व्हरवर ‘कारंजा तालुक्यातील’ असं स्वच्छ दिसत होतं. सेवा केली आणि त्याच जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहिली. कारण असं की आपण लॉगिन केल्यावर टर्मिनलला आपल्या भाषेची, अक्षरांच्या संकेताची माहिती मिळते; सेवेला ती मिळेलच असं नाही. मग जावा जुन्या अमेरिकी अक्षरसंचावर येऊन ठेपते, ज्यात देवनागरीचं एकही अक्षर नाही. मार्च २०२२ मधल्या जावाच्या अठराव्या आवृत्तीपासून यूटीएफ-८ हाच मूळ संकेत झाला, तेव्हा मजकुराचा प्रश्न बराच सुटला. पण फाइलींची नावं मराठीत असतील, तर ती अजूनही सेवेला दिलेल्या भाषेवर अवलंबून राहतात. युनिट फाइलीत त्यासाठी एक ओळ घालावी लागते. मला ती सापडायला तीन दिवस लागले. वाचकाला ती अकराव्या पानावर मिळेल.

विंडोजचा भाग स्वतंत्र आहे, कारण आमच्याकडच्या कितीतरी कार्यालयांत आणि पतसंस्थांत तोच संगणक हाताशी असतो. विंडोजची सेवा-व्यवस्थापक यंत्रणा सेवेकडून ठरल्या भाषेत उत्तर मागते आणि साधारण तीस सेकंदांत ते आलं नाही, तर १०५३ क्रमांकाची चूक दाखवते. जावाला ती भाषा येत नाही; मध्यस्थाला येते. एक जुनी खोड तर मजेशीर आहे. कर्मचारी पाच वाजता लॉग-ऑफ झाला की विंडोज त्याची सूचना सगळ्यांना देई. सेवा म्हणून चालणारी जावाही ती सूचना आपल्यालाच आहे असं समजून कार्यालयाबरोबर घरी जाई. त्यासाठी जावाला एक खास पर्याय द्यावा लागला. तो कुठला आणि केव्हा लागतो, ते त्या भागात आहे.

पुस्तिकेच्या मर्यादा सांगतो. कंटेनर आणि क्लाउड यांना मी हात लावलेला नाही. ते महत्त्वाचे आहेत, पण कपाटाशेजारी ठेवलेल्या एकाच संगणकावर ज्यांचं काम चालतं, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. आज्ञा आतल्या पानांवर जशाच्या तशा छापल्या आहेत. त्या उतरवताना एक टिंबही गाळू नये. आणि युनिट फाइल लिहून झाल्यावर तिची छापील प्रत, प्रत्येक ओळ कशासाठी आहे हे मराठीत लिहून, संगणकाजवळच्या फायलीत लावावी. तुमच्यानंतर येणाऱ्याला तुमचा फोन नंबर कदाचित मिळणार नाही. तो कागद मिळेल.

शेवटी एक विनंती. ‘चालू आहे’ असा हिरवा शेरा पडद्यावर दिसला म्हणून समाधान मानू नका. टॉमकॅट उभा असतो, त्याच्या पोटातलं डीस्पेस डेटाबेसअभावी पडलेलं असतं आणि सिस्टिमडी बिचारी टॉमकॅटकडे बघून हिरवा दिवा दाखवते. मी त्यालाही एकदा फसलो आहे. म्हणून सगळं लिहून झालं, की सुट्टीच्या दिवशी ग्रंथपालांना विचारून सगळी कामं जपून ठेवा, संगणक बंद करा, बोर्डावरचं बटण बंद करून दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा चालू करा. त्याला हात लावू नका, लॉगिनही करू नका. शेजारच्या खोलीतल्या दुसऱ्या संगणकावर जा आणि तिथून पान उघडा. मराठी नावाचा एखादा प्रबंध शोधा, उतरवून घ्या, वाचून बघा. हे सगळं जमलं, तर पडद्यावरची चिठ्ठी काढून टाका.